जंपर्स नी : खेळाडूंचे वाटीखालचे गुडघेदुखीचे दुखणे

व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, खो-खो, लांब उडी खेळणाऱ्या तरुणांना गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखते. यालाच ‘जंपर्स नी’ म्हणतात.

नेमके काय होते?
मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाटीकडून नडगीच्या हाडापर्यंत पोहोचवणारी जाड दोरी म्हणजे वाटीखालची कंडरा, अर्थात टेंडन. उडी मारताना आणि खाली येताना तिच्यावर वजनाच्या कित्येक पट ताण येतो. सराव अचानक वाढला, तर तिला सावरायला वेळ मिळत नाही.

लक्षणे
- खेळाच्या सुरुवातीला दुखते, अंग गरम झाल्यावर कमी होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणवते.
- जिना उतरताना, उकिडवे बसताना दुखते.

पूर्ण विश्रांती का नको?
विश्रांतीने दुखणे थांबते, पण कंडरा आणखी कमकुवत होते. मैदानात उतरताच त्रास परत येतो. म्हणून उड्या कमी करा, व्यायाम सोडू नका.

उपचाराचे टप्पे (फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली)
1. भिंतीला पाठ टेकून, गुडघे अर्धवट वाकवून 45 सेकंद स्थिर राहणे. असे 5 वेळा, मध्ये 2 मिनिटे थांबून.
2. एक दिवसाआड लेग प्रेस, स्क्वॉट. हालचाल सावकाश, वजन हळूहळू वाढवत.
3. धावणे, दोरीवरच्या उड्या, शेवटी प्रत्यक्ष खेळ.

व्यायाम करताना दुखण्याला 0 ते 10 गुण द्या. 3 पर्यंत चालते. मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणे पूर्ववत व्हायला हवे. नसेल तर व्यायाम थोडा कमी करा.

किती दिवस लागतात?
बहुधा 3 ते 6 महिने, जुन्या दुखण्यात अधिक. वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळू नका. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास तात्पुरते बरे वाटते, पण ती तुटण्याचा धोका वाढू शकतो.

पालकांसाठी
स्पर्धा किंवा निवड चाचणी जवळ आली म्हणून घाई करू नका. एक स्पर्धा हुकली तरी चालेल. दुखणे जुने झाले तर पूर्ण हंगाम जातो. 10 ते 15 वर्षांच्या मुलांमध्ये दुखणे वाटीच्या आणखी खाली, नडगीच्या उंचवट्यावर असेल, तर कारण वेगळे असू शकते, तपासून घ्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?
‘कट्’ असा आवाज येऊन पाय सरळ उचलता येत नसेल, गुडघा सुजला किंवा अडकला असेल, ताप असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर.