चुंबकीय फितीवरील वऱ्हाड

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि जुनी दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. मागील पिढीने आपल्या हाती आणखी एक साधन ठेवले आहे. त्याची गणना मात्र आपण अद्याप साधनांत करीत नाही. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांत, लग्नाच्या अल्बमशेजारी, दोन-चार काळ्या व्हिडिओ कॅसेटी धूळ खात पडलेल्या असतात.

फितीचे मोल वऱ्हाडाला नव्याने सांगावे लागू नये. शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे अखेरचे कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झाले आणि ते ध्वनिमुद्रित करण्यात आले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर रोजी, अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. त्यांचा खडा आवाज, श्रोत्यांना विचारलेले प्रश्न आणि अस्सल वऱ्हाडी बोली आज आपण ऐकू शकतो, ती त्या एका ध्वनिमुद्रणामुळे. ज्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही, त्याचे बोलणे टिकले.

योगायोग असा की, त्याच १९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने चित्रमुद्रणाचे पहिले यशस्वी यंत्र जगापुढे मांडले. त्याची फीत दोन इंच रुंद होती व ते दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडे. १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने अर्ध्या इंचाच्या फितीची व्हीएचएस पद्धत आणली आणि चित्रमुद्रण घरोघरी पोहोचले. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात लग्नमंडपात फोटोग्राफरच्या जोडीला व्हिडिओवालाही दिसू लागला.

आमच्या घरी अशी एक कॅसेट होती; १९८६ साली अकोल्यात झालेल्या आत्याच्या लग्नाची. आमच्या आजीला लिहिता येत नसे. चर्चच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे अंगठ्याचा ठसा तेवढा आहे. परंतु त्या कॅसेटमध्ये लग्नाच्या आदल्या रात्री ती जपमाळेची प्रार्थना सांगते आहे, मध्येच थांबून चुलीवरच्या भाजीची चौकशी करते आहे, आणि अंगण हसते आहे. नोंदवही नाव आणि तारीख देते. माणूस कसा बोलत होता, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

व्हीएचएस फीत म्हणजे पॉलिएस्टरची पातळ पट्टी; तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण बंधक द्रव्याने चिकटविलेले असतात. यंत्रातील लहानसा ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात एक चित्र वाचतो. फितीला उष्णता आणि ओल दोन्ही वर्ज्य. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. बंधक द्रव्य ओल धरते, फितीवर पांढरी बुरशी चढते. अशी फीत तशीच लावली तर ती तुटू शकते आणि बुरशी यंत्रात शिरून पुढच्या कॅसेटलाही लागते.

म्हणून आधी फीत स्वच्छ करावी लागते. मग चांगल्या स्थितीतील व्हीसीआर एका लहान रूपांतरक उपकरणाने संगणकाला जोडून ती चालवावी लागते. या कामाला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. उतरविलेली फाइल किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि मूळ कॅसेटही टाकून देऊ नये.

फिती टिकल्या तरी त्या चालविणारी यंत्रे सरत आली आहेत. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबविले. २०१९ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरच्या संग्रहालयांना चुंबकीय फितींविषयी इशारा देण्यात आला. त्यात सांगितलेली मुदत २०२५ ची होती.

आमची कॅसेट आम्ही उशिरा उतरविली. प्रार्थना चालू असताना पडदा एकदम निळा झाला आणि त्यानंतर क्रिकेटचा सामना सुरू झाला. घरातल्याच कोणीतरी कधीकाळी तीच कॅसेट पुन्हा वापरली होती. मागील कडेचे लहान प्लास्टिकचे पान मोडून टाकले असते तर यंत्राने तिच्यावर नवे मुद्रण केले नसते. हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. आजीची अकरा मिनिटे उरली.

ती अकरा मिनिटे आम्ही आत्याला दाखविली. आजीमागे बसलेल्या बायका कोण, हे तिने एकेक नाव घेऊन सांगितले. एका चेहऱ्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि तिला आठवले नाही. आज ते नाव सांगणारे दुसरे कोणी नाही. यंत्र कदाचित जुन्या बाजारात मिळेल, फीतही धुऊन निघेल. कपाटातील कॅसेट खाली काढताना घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे आणि वही-पेन जवळ ठेवावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.