गगनातील प्रासादांचे विसर्जन

इंदूरच्या वायव्येस देपालपूर नावाचे तालुक्याचे गाव आहे. परमार राजा देवपाल याच्या नावाशी त्याचे नाव जोडले जाते. त्या परमारांचे राज्य गेले, पुढे माळव्यात होळकरांचे आले आणि तेही गेले. गाव मात्र राहिले. या गावी सायंकाळी उभे राहिले म्हणजे इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाकडे जाणारी विमाने दृष्टीस पडतात. त्या सर्वांस दोनच इंजिने असतात. चार इंजिनांची, पुढच्या भागी दुमजली अशी जी महाविमाने आमच्या पिढीने लहानपणी चित्रांत पाहिली, त्यांचा काळ भारतीय प्रवासी वाहतुकीत आता संपला आहे. त्या समाप्तीचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आमच्या मनात आले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, तेव्हा त्यात ३५ उतारू होते. अवघ्या तेवीस वर्षांनी, एप्रिल १९७१ मध्ये, 'एम्परर अशोक' हे पहिले बोइंग ७४७ मुंबईस उतरले. त्यात साडेतीनशेच्या घरात माणसे बसत. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या तांबड्या महिरपी रंगविल्या होत्या आणि 'आकाशातील आपला प्रासाद' अशी त्याची जाहिरात होत असे. मागाहून आलेल्या विमानांस शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, चंद्रगुप्त, कनिष्क अशी सम्राटांचीच नावे दिली गेली.

या वैभवास शोकाची किनारही होती. १ जानेवारी १९७८ रोजी 'अशोक' मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळात वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले व २१३ जीव गेले. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' आयर्लंडजवळ घातपाती स्फोटाने नष्ट झाले. त्यात ३२९ जण मृत्यू पावले. जी नावे आम्ही इतिहासाच्या पुस्तकांतून घेतली होती, ती पुन्हा इतिहासात गेली, परंतु यावेळी अश्रूंसह.

१९९३ पासून या जातीची नवी विमाने आली, तेव्हा सम्राटांऐवजी स्थळांची नावे निवडण्यात आली: कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजंठा, आग्रा आणि 'वेल्हा गोवा', म्हणजे आपले जुने गोवे. नावे निवडणाऱ्यांच्या मनात ही संगती असेल वा नसेल, परंतु यांतील बहुतेक स्थळे भग्न होऊन, ओस पडून वा विस्मृतीत जाऊनही कीर्तीने उरलेली आहेत. कोणार्कचे मुख्य शिखर पडले. अजंठ्याची लेणी शतकानुशतके रानात लपून राहिली. जुने गोवे तर रोगराईने ओस पडले, १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीस गेला, आणि तेथील पडक्या इमारतींचा दगड पणजीच्या बांधकामास लागला. एक संपूर्ण नगरच मोडीत निघाले म्हणावयाचे!

विमानांची मोडही याच रीतीने होते. विमान निरुपयोगी झाले म्हणून ते मोडतात, हा समज पूर्णतः खरा नव्हे. १९८५ नंतर दोन इंजिनांच्या विमानांस महासागरांवरून दूरचे उड्डाण करण्याची अनुज्ञा क्रमाक्रमाने मिळत गेली. मग चार इंजिनांना इंधन कोण घालणार? त्यात काही वर्षांनी सर्व विमान उकलून करावयाच्या मोठ्या तपासणीचा खर्च येतो. तो करण्यापेक्षा सुटे भाग विकणे किफायतीचे ठरते. प्रथम इंजिने उतरवितात, मग चाकांचा सांगाडा, मग यंत्रे व उपकरणे. उरलेला अ‍ॅल्युमिनियमचा देह कापून भट्टीत जातो. प्रत्येक भागाबरोबर त्याच्या जन्मापासूनची कागदपत्रे असावी लागतात. ती नसतील तर उत्तम भागही भंगाराच्या मोलाने जातो. वकिलीच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा नियम विशेष मनोज्ञ वाटतो.

२०२० च्या महामारीने ही गती वाढविली. ब्रिटिश एअरवेजने त्याच वर्षी आपली सर्व ३१ विमाने निवृत्त केली. बोइंगने एकंदर १५७४ विमाने बांधून अखेरचे जानेवारी २०२३ मध्ये स्वाधीन केले. आपल्याकडे २२ एप्रिल २०२४ रोजी 'आग्रा' मुंबईहून अखेरचे उडाले, निरोपादाखल पंख एका बाजूस झुकविले, आणि अमेरिकेच्या वाटेस लागले. तेथे त्याचे भाग सुटे करावयाचे होते.

१९४४ च्या शिकागो करारान्वये विमानास राष्ट्रीयत्व असते व ते नोंदणीने प्राप्त होते. नोंद रद्द झाली की ते राष्ट्रीयत्व सुटते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात संन्यास घेणाऱ्यास व्यवहारतः मृत मानीत व त्याची मालमत्ता वारसांकडे जाई. नोंद सुटलेल्या विमानाची स्थिती याहून वेगळी नाही. त्याचे अवयव इतर विमानांत जाऊन उडत राहतात. त्याचे नाव मात्र कोणी वारशाने घेत नाही.

आमच्या वाचकांस देवालयाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. मूर्ती जीर्ण झाली म्हणजे तिला आपण उचलून टाकीत नाही. तिच्यातील तत्त्व विधिपूर्वक कलशात घेतो, मग तिचे जलात विसर्जन करतो, व नव्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतो. न्यायालयांनीही मानले आहे की, मूर्ती नष्ट झाली तरी दात्याचा धर्महेतू नष्ट होत नाही. सोळाव्या शतकात कुडठाळचा मंगेश नदीपार प्रियोळास गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. देवळे मोडली, परंतु देव राहिले, कारण ते नेणारी माणसे होती. अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये सोमनाथाच्या भग्न मंदिराजवळ नवे मंदिर बांधले. जुने उभे करता येईना, तेव्हा हेतू शेजारी नेऊन ठेवला.

विमान हे देव नव्हे, आणि धातूच्या सांगाड्यापुढे हात जोडावे असे आम्ही सुचवीत नाही. तथापि, आपल्या कोकण-गोव्याची किती माणसे याच विमानांतून प्रथम समुद्रापार गेली! कोणी आखातात नोकरीस, कोणी लंडन-न्यूयॉर्कला लेकाकडे. घराघरांत त्या प्रवासाची तिकिटे व छायाचित्रे अजून कोठेतरी पडली असतील. देवळांचा जीर्णोद्धार करतानाही जुने लाकडी खांब, समया, दानपत्रे व हिशेबाच्या वह्या यांची यादी न करताच आपण कितीदा ती विकून मोकळे होतो. विमान मोडणारा व्यापारी प्रत्येक खिळ्याचा कागद जपतो. आणि आपण देवाच्या दाराची नोंद ठेवीत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

म्हणून आमचे मागणे इतकेच आहे की, जीर्ण झालेले जरूर उतरवावे, परंतु उतरविण्यापूर्वी त्याचे नाव, साल व सेवा लिहून ठेवावी. देपालपूरच्या देवपालाचा वाडा आज कोणास दाखविता येणार नाही. गावाच्या नावात मात्र तो अद्याप नांदतो. 'वेल्हा गोवा' नावाचे विमान होते, एवढे तरी आपल्या नातवंडांस ठाऊक असावे.