फोर्ट मायर, सायंकाळी ५.१४

१ ऑगस्ट १९०७. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने उड्डाणासाठी वेगळा विभाग काढला. एक अधिकारी, दोन शिपाई; विमान एकही नाही. डिसेंबरात विमानखरेदीच्या अटी निघाल्या: ताशी ४० मैल वेग, तासभर हवेत टिकणे आणि दोन माणसे नेणे, दोघांचे वजन मिळून ३५० पौंड. राइट बंधूंनी २५,००० डॉलरला बोली लावली. दुसऱ्या माणसाची ती अट विसरू नका.

चाचणीची जागा फोर्ट मायर, वॉशिंग्टनसमोर पोटोमॅकपलीकडचे ठाणे. ज्या अल्बर्ट मायरचे नाव ठाण्याला होते, तोच सिग्नल कोअरचा संस्थापक. पण १८८०च्या दशकात सिग्नलवाल्यांना हलवून तिथे घोडदळ बसवले गेले होते. म्हणजे आता हे लोक आपल्याच जुन्या घरी पाहुणे म्हणून आले होते. मैदान घोड्यांच्या कवायतीचे, हजार फूट लांब आणि सातशे फूट रुंद. शेजारी आर्लिंग्टनचे लष्करी दफनस्थान.

३ सप्टेंबर १९०८. ऑर्विल राइटचे पहिले उड्डाण, १ मिनिट ११ सेकंद. थोरला भाऊ विल्बर तेव्हा फ्रान्समध्ये प्रयोग दाखवत होता.

९ सप्टेंबर. सकाळी ५७ मिनिटे, मग ६२ मिनिटे. त्याच दिवशी लेफ्टनंट लाम याला सोबत घेऊन सहा मिनिटे. आता गर्दी लोटू लागली.

१२ सप्टेंबर. मेजर स्क्वायर सोबत, नऊ मिनिटे.

१७ सप्टेंबर, दुपार. विमानाला नवे पंखे बसवलेले, आधीच्यापेक्षा काही इंच लांब. आज पाळी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज याची. वय २६, वजन सुमारे १७५ पौंड, आतापर्यंतच्या प्रवाशांत सर्वांत भारी. तो लष्कराच्या परीक्षक मंडळावर होता आणि ग्रॅहम बेल व ग्लेन कर्टिस यांच्या विमानमंडळातही. मे महिन्यात त्याने त्यांचे विमान स्वतः उडवले होते. म्हणजे परीक्षक प्रतिस्पर्ध्याच्या घरचा! या माणसावर आपला विश्वास नाही, असे ऑर्विलने भावाला पत्रातून कळवले होते. पुढे कर्टिसशी वर्षानुवर्षे चाललेले पेटंटचे खटले पाहता, त्याला संशयी म्हणवत नाही. तरी शेजारी बसवण्यावाचून इलाज नव्हता.

५.१४. मनोऱ्यावरचे वजन खाली सुटले, दोराच्या ओढीने विमान रुळावरून निघाले आणि उचलले गेले. तीन फेऱ्या निर्वेध.

चौथी फेरी, उंची शंभर फुटांवर. ऑर्विलला मागून हलकी टकटक ऐकू आली. वळून पाहिले, काही दिसेना. इंजिन बंद करून उतरावे असे त्याने ठरवले. पण एवढ्याशा मैदानात उतरायला आधी तोंड योग्य दिशेला वळवायला हवे. त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळाले. मग दोन मोठे धक्के बसले.

नंतरच्या तपासात कळले ते असे. उजव्या पंख्याच्या एका पात्याला उभी चीर गेली होती. त्या पात्याचा जोर कमी पडला, पंखा थरथरू लागला, त्याचा आधार सैल झाला आणि पाते सुकाणूच्या ताणतारेला जाऊन लागले. तार उखडली, पंखा मोडला, मागचे सुकाणू आडवे झाले.

इंजिन बंद. विमान तरंगत पंचाहत्तर फुटांपर्यंत आले आणि तिथे नाक खाली गेले. तोवर सेल्फ्रिज एक शब्द बोलला नव्हता. एकदोनदा ऑर्विलच्या तोंडाकडे पाहिले, एवढेच. आता तो कसाबसा ऐकू येईल इतकेच पुटपुटला. जमिनीपासून पंचवीसेक फुटांवर विमान सावरू लागले होते. आणखी थोडी उंची असती तर वाचलो असतो, असे ऑर्विलचे मत.

धुरळा उठला, लोक धावले. घोडदळाच्या स्वारांना गर्दी मागे रेटावी लागली. दोघांना ठाण्याच्याच इस्पितळात नेले. ऑर्विलची डावी मांडी आणि बरगड्या मोडल्या होत्या. सेल्फ्रिजच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. कवटी फुटली होती.

रात्री ८.१०. शस्त्रक्रिया होऊनही शुद्धीवर न येता सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमानाने घेतलेला हा पहिला बळी. त्याला शेजारीच, आर्लिंग्टनमध्ये पुरले. ठाण्यातून तिकडे जाणाऱ्या एका फाटकाला आज त्याचे नाव आहे.

२७ जुलै १९०९. तेच मैदान, तोच ऑर्विल, शेजारी लाम. १ तास १२ मिनिटे. अट दोन माणसांचीच होती.