प्रस्तरारोहण करताना बोटात ‘टक्’ आवाज आला तर?
बोट वाकवणारा टेंडन हाडालगत धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांना पुली म्हणतात. बारीक कपारीत बोटांची टोके रोवून शरीराचा भार पेलताना पुली ताणली जाते किंवा फाटते, बहुधा अनामिकेची. ‘टक्’ आवाज येतो, बोटाच्या मुळाशी दुखते, सूज येते.

चढाई लगेच थांबवा. अंगठी काढा, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे लावा. बोट चोळू किंवा ओढू नका. एक्स-रे नॉर्मल असला तरी पुली फाटलेली असू शकते. सोनोग्राफीत ते कळते. एकच पुली फाटल्यास सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. आधारपट्टी व व्यायामाने काही आठवडे ते महिन्यांत बोट बरे होते. वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा चढू नका.

वाढत्या वयातील मुलांचा बोटाचा मधला सांधा दुखत असल्यास डॉक्टरांना दाखवाच. हाडाच्या वाढीच्या भागाला इजा असू शकते.