व्हायकिंगांच्या घरचे बारसे

घरात मूल येणार म्हटले की नावांची शोधाशोध सुरू होते. आजकाल युरोप-अमेरिकेतल्या पुष्कळ आईबापांना या शोधात व्हायकिंग भेटतात. २०१३ पासून दूरचित्रवाणीवर त्यांच्यावरची एक मालिका गाजली, तीत लागेर्था नावाची ढालतलवार चालवणारी नायिका होती. मुलीला असेच एखादे दणदणीत नाव ठेवावे या हौसेला त्यामुळे आणखी जोर आला. हौसेला कोण नको म्हणेल? पण या मंडळींच्या हाती ज्या याद्या पडतात त्यांत प्रत्येक नावापुढे एकेक शौर्याचा अर्थ छापलेला असतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

लागेर्थाचेच पाहा. तिची कथा सांगितली ती साक्सो या डेन्मार्कच्या पंडिताने, इ. स. १२०० च्या सुमारास, आणि तीही लॅटिन भाषेत. तेव्हा मूळ नाव कसे उच्चारीत असतील याचा आपण तर्कच करायचा. दुसरे लाडके नाव फ्रेया. ही त्यांची देवी. आपल्याकडे लक्ष्मी आणि पार्वती घरोघरी नांदतात. व्हायकिंगांच्या काळी, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत, देवाचे नुसते नाव माणसाला देण्याची रीत नव्हती. ते जोडनावात यायचे. थोर हा मेघगर्जनेचा देव (आपल्या ‘थोर’ शब्दाशी त्याचे काही नाते नाही, पण लक्षात ठेवायला बरे), त्याच्यावरून मुलीचे नाव थोरदीस किंवा थोरगेर्द. फ्रेयाच्या कुळावरून फ्रेयदीस.

आता ही जोडनावे फोडून अर्थ लावावा, तर गंमतच होते. गुन्हिल्द हे मोठे मानाचे नाव, राण्यांनी मिरवलेले. त्यातल्या ‘गुन्न’चा अर्थ लढाई आणि ‘हिल्द’चाही अर्थ लढाईच! कोणता बाप आपल्या तान्ह्या लेकीला ‘लढाई-लढाई’ म्हणून हाक मारील? उघडच आहे की नाव ठेवताना ते अर्थाचा समास सोडवीत बसत नव्हते. एक तुकडा बापाकडचा, एक आईकडचा किंवा आजोळचा, असे घराण्यातले तुकडे जोडून नाव सिद्ध होई. आइसलँडच्या एका घराण्याची हकीकत अशी : थोरोल्फ नावाच्या गृहस्थाने स्टेन नावाचा आपला मुलगा थोर देवाला वाहिला, तो थोरस्टेन झाला. थोरस्टेनने पुढे आपला ग्रीम असाच वाहिला, तो थोरग्रीम झाला. कवी आणि योद्धा म्हणून प्रसिद्ध असलेल्या एगिलच्या आईचे नाव बेरा, म्हणजे अस्वलीण. त्याच्या एका मुलीचेही नाव बेराच. गेलेल्या माणसाचे नाव ठेवले की त्याचे भाग्यही नावाबरोबर बाळाकडे येते, अशी समजूत होती. आजीचे नाव नातीला ठेवणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये.

पण नावाचे खरे मोल याहूनही वेगळ्या ठिकाणी होते. मूल जन्मले की ते ठेवायचे की नाही हे घरचा धनी ठरवी. नको असेल तर त्याला बाहेर माळावर नेऊन टाकीत. ठेवायचे ठरले की त्याच्यावर पाणी शिंपडून नाव ठेवीत. ख्रिस्ती धर्म येण्याआधीचा हा विधी. एकदा पाणी पडले आणि नाव मिळाले की त्या मुलाला मारणे हा खून ठरे. इ. स. १००० च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा दोन जुन्या चाली काही काळ चालू ठेवण्याची सवलत मागून घेतली होती : घोड्याचे मांस खाणे आणि मुले टाकणे. ती पुढे लवकरच रद्द झाली.

या एगिलचाच मुलगा थोरस्टेन. त्याची बायको योफ्रीद गरोदर असताना त्याला स्वप्न पडले की एका सुंदर हंसीसाठी दोन गरुड झुंजून मेले. एका पाहुण्याने अर्थ सांगितला : तुला मुलगी होईल, आणि तिच्यापायी दोन पुरुष प्राणाला मुकतील. उन्हाळ्यात थोरस्टेन लोकसभेला निघाला. निघताना बायकोला बजावून गेला, की मुलगा झाला तर वाढव, मुलगी झाली तर टाकून दे. इतक्या श्रीमंत माणसाला हे शोभत नाही, असे योफ्रीद म्हणाली, तो ऐकेना. मुलगीच झाली. तेव्हा योफ्रीदने धनगराला बोलावून ते बाळ गुपचूप थोरगेर्दकडे पाठवले. ही थोरगेर्द नवऱ्याची सख्खी बहीण, म्हणजे बाळाची आत्या. आपल्या बारशात बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. इथे आत्याच्या आसऱ्याने पोरीला नावही मिळाले आणि जीवही राहिला. नाव हेल्गा, म्हणजे पवित्र. सहा वर्षांनी थोरस्टेन बहिणीच्या घरी गेला, तिथे एक देखणी मुलगी त्याच्या नजरेस पडली, आणि खरे कळल्यावर रागावण्याऐवजी उपकार मानले.

ही कथा ज्या सागेत येते ती तेराव्या शतकात लिहिलेली. सागा आपल्या बखरींसारख्याच वाचाव्या, चवीने पण जपून. स्वप्न खरे झाले, हेल्गासाठी दोन कवी लढून मेले, असे ती पुढे सांगते. पण हेल्गा स्वतः जगली, तिचा संसार झाला, मुले झाली.

शिळांवरच्या नावांना मात्र बखरीचा संशय चिकटत नाही. नॉर्वेत द्यूना येथे अकराव्या शतकाच्या मध्यावर उभारलेली, जवळजवळ तीन मीटर उंचीची शिळा आहे. आता ती ऑस्लोच्या संग्रहालयात ठेवली आहे. गुन्वोर नावाच्या आईने आपली मुलगी अस्त्रीद हिच्या स्मरणार्थ पूल बांधला, ही त्या प्रांतातली सर्वांत कुशल हातांची मुलगी होती, एवढाच मजकूर तिच्यावर आहे. लेकीच्या हातांत कोणती कला होती, विणकाम की भरतकाम, तेही आईने लिहिले नाही. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते ठाऊकच असणार. ही अस्त्रीद यादीतल्या वीरांगनांपेक्षा मला फार जवळची वाटते. वीरांगनाच हवी असेल तर फ्रेयदीस आहे. मात्र तिच्या दोन्ही सागा वाचाव्या. एकीत ती गरोदरपणी तलवार उपसून शत्रूला पळवून लावते, दुसरीत आपल्याच सोबतच्या पाच बायकांना कुऱ्हाडीने मारते. साध्या घरांना ही नावे फारशी लागलीही नाहीत. १७०३ साली आइसलँडात खानेसुमारी झाली तेव्हा बायकांत सर्वांत अधिक आढळले ते नाव गुद्रून.

त्याच आइसलँडात १९९१ पासून नावांची एक सरकारी समिती आहे. नवे नाव भाषेच्या विभक्ती-प्रत्ययांत बसते की नाही हे ती पाहते. एका आईने मुलीचे नाव ‘ब्लाइर’ ठेवले, म्हणजे वाऱ्याची हलकी झुळूक. शब्द पुल्लिंगी म्हणून समितीने तो मुलीला नाकारला, आणि सरकारी कागदांवर त्या पोरीच्या नावाच्या जागी वर्षानुवर्षे नुसते ‘मुलगी’ असे लिहिलेले राहिले. आई कोर्टात गेली. २०१३ च्या जानेवारीत रेक्याविकच्या न्यायालयाने निकाल दिला, आणि वयाच्या पंधराव्या वर्षी त्या मुलीला कागदोपत्री आपले नाव मिळाले. पुढे २०१९ च्या कायद्याने नावांवरचे लिंगाचे बंधनच काढून टाकले.