एकट्या गोळीची किंमत

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की चर्चा दिल्ली-मुंबईच्या अतिदक्षता विभागांत जाऊन थांबते. २०१०मध्ये 'एनडीएम-१' जनुक जगभर गाजले, त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हा प्रश्न महानगरांचाच ठरला. मी डॉक्टर नाही, जुनी कागदपत्रे वाचणारा माणूस आहे. मला या इतिहासाचा आधीचा अध्याय आपल्या वऱ्हाडाशी जोडलेला दिसतो, आणि तो महारोग्यांच्या वसाहतींतला आहे.

इंग्रजी अमदानीतल्या जनगणनेच्या अहवालांत वऱ्हाड हा कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेला मुलूख म्हणून येतो. अचलपूरकडे कोठाऱ्याला मिशनचा दवाखाना होता. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे आपले दाजीसाहेब, यांनी अमरावतीला तपोवन उभारले. स्वतः होमिओपॅथ असलेल्या या माणसाने औषधाइतकाच कामावर आणि मानावर भर दिला. तोवर या रोगावर कडू कवठीच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने हाच मुख्य उपाय होता. चाळिशीच्या दशकात सल्फोन औषधे आली आणि पन्नाशीत त्यांतली डॅप्सोन ही अगदी स्वस्त गोळी गावोगाव पोचली. एकच गोळी, वर्षानुवर्षे, अनेकांना जन्मभर.

घोटाळा त्या 'एकच'मध्ये होता. गंभीर रुग्णाच्या शरीरात कुष्ठाचे जंतू अब्जावधी असतात. त्यांत डॅप्सोनला दाद न देणारे मूठभर आधीपासूनच असतात. बाकीचे गोळीने दबले की या मुठीला मोकळे रान मिळते. डोस कमी पडला वा चुकला तर आणखीच. पण हा जंतू एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो, त्यामुळे बिघाड उघड व्हायला कित्येक वर्षे लागत. बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगावर पुन्हा गाठी दिसल्या, तर त्याने गोळ्या चुकवल्या असतील असे म्हणणे सोपे होते. खरे काय ते तपासायलाही साधन नव्हते, कारण हा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाही. १९६०मध्ये शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला. १९६४मध्ये पेटिट आणि रीस यांनी मलायातल्या रुग्णांत डॅप्सोन-प्रतिकार सिद्ध केला. दोष दरवेळी रोग्याचा नव्हता, हे तेव्हा कागदावर आले.

१९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुऔषध उपचार सुचवला. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र. एकाच जंतूने तिघांनाही चुकवणे जवळजवळ अशक्य, हा त्यामागचा हिशेब. रिफाम्पिसिनचा महिन्याचा डोस तर कर्मचाऱ्यासमोरच गिळायचा. भारतात हा उपचार अगदी सुरुवातीला आला तो आपल्या शेजारच्या वर्ध्यात. २००५अखेर देशातले प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली उतरले.

आज इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये भरती होणाऱ्या रुग्णासमोर वेगळे जंतू आहेत. ई-कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो आणि प्रतिकाराचे जनुक दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. न धुतलेला हात किंवा लघवीची नळी एवढी वाट त्याला एका खाटेवरून दुसरीकडे जायला पुरते. कुष्ठाला वर्षे लागली ते इथे दिवसांत घडते. पहारा मात्र उलट ढिला. सर्दीतापाला, जिथे विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही, आपण 'मेडिकल'मधून दोन दिवसांच्या गोळ्या सुट्या घेतो.

मार्च २०१४पासून 'एच-१' अनुसूचीतल्या प्रतिजैविकांसाठी दुकानदाराने वेगळी वही ठेवायची आहे: डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध, नग. कुष्ठकार्यकर्त्याच्या नोंदवहीचीच ही धाकटी बहीण. माझ्यासारख्याला त्या वह्यांतून एका तालुक्याचा सबंध इतिहास लिहिता येईल. कायद्याने त्या जपायच्या आहेत तीन वर्षे, पुढे रद्दी.