माले, मला, टू मी

घरी 'माले दे', वर्गात 'मला द्या' आणि इंग्रजीच्या तासाला 'गिव्ह इट टू मी'. नंदुरबार जिल्ह्यात अहिराणी बोलणाऱ्या घरातलं मूल एकच मागणी अशी तीन रूपांत करायला शिकतं. बदलतं ते सर्वनामाचं रूप आणि त्याला क्रियेशी बांधणारा इवलासा अंश. अहिराणीत आणि मराठीत तो सर्वनामानंतर चिकटतो, इंग्रजीत सर्वनामाच्या आधी सुटा उभा राहतो. मुलं अडखळतात ती इथेच, आणि अडखळण्याचं कारण मुलांपेक्षा आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत जास्त आहे.

इंग्रजीत 'टू मी' आणि 'फॉर मी' एकाच धड्यात येतात. मराठीत मात्र 'मला' विभक्तीच्या प्रकरणात आणि 'माझ्यासाठी' शब्दयोगी अव्ययाच्या प्रकरणात. दोन्हींचं काम एकाच जातीचं, तरी प्रकरणं दोन. कारण मराठी व्याकरणाला घराणीच दोन लाभली.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली छापून आलं. त्यांच्यासमोर एक नमुना होता लिंडले मरे यांच्या 1795 सालच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरेंची मांडणी लॅटिन व्याकरणाची, आणि लॅटिनने ती ग्रीकांकडून घेतलेली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. आपल्याकडे यास्काने चारच मानल्या होत्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. शाळेत आपण नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी अशी जी यादी पाठ करतो, तिचा आराखडा यास्काचा नाही. तो मरेंच्या यादीतून 'ए', 'ॲन', 'द' यांची जात वगळून उरलेला आराखडा आहे. विभक्तीचं कोष्टक मात्र संस्कृतातून आलं. म्हणून 'ला' एका घराण्यात गेला आणि 'साठी' दुसऱ्या. पुढे मोरो केशव दामले यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या प्रचंड ग्रंथात या साऱ्याचा बारकाईने खल केला, अरविंद मंगरुळकरांनी 1964 मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' लिहिला. पण शाळेच्या पुस्तकांवर पकड राहिली ती जुन्या मांडणीचीच.

दादोबांचं श्रेय यामुळे उणं होत नाही. बावीस वर्षांच्या तरुणाने आपल्या भाषेचं व्याकरण आपल्याच भाषेत लिहावं, ही लहान गोष्ट नव्हे. त्यांच्या चरित्रातली एक नोंद मात्र नंदुरबारविषयी लिहिताना टाळता येत नाही. अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर असताना भिल्लांचं बंड मोडण्यात त्यांनी भाग घेतला आणि त्यांना रावबहादूर किताब मिळाला. मराठीच्या व्याकरणकाराचा भिल्लांशी संबंध आला तो सरकारी अधिकारी म्हणून. भिल्लांच्या भाषेत सर्वनामाला काय जोडतात, हे त्या व्याकरणात कुठून येणार?

आता खुद्द या शब्दांची कुळं पाहू. 'कडे' हा कड या नामातून आला. 'पाशी' आणि 'पासून' यांत संस्कृतातला पार्श्व, म्हणजे बाजू, दडला आहे. 'मुळे' म्हणजे मुळाशी. 'बद्दल' अरबी बदलमधून आणि 'ऐवजी' अरबी इवजमधून, फारसीच्या वाटेने मराठीत आले. एके काळी हे सगळे भरदार अर्थाचे शब्द होते. वापरून वापरून त्यांचा अर्थ झिजला आणि जोडण्याचं काम तेवढं उरलं. उभयान्वयींचंही तेच. 'आणि' अन्यत् वरून, 'पण' पुनर् वरून. 'म्हणून' तर सरळ म्हणणे या क्रियापदाचं रूप, आणि अहिराणीतलं 'म्हनीसन' ही त्याच घडणीचं.

इंग्रजीचा प्रवासही असाच झाला. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्ती होत्या. त्या झिजल्या आणि त्यांचं काम सुट्या शब्दांनी उचललं. जुन्या विभक्तीची ठळक खूण आता सर्वनामांत दिसते: ही आणि हिम, शी आणि हर, आय आणि मी. इंग्रजीतला 'ओव्हर' आणि संस्कृतातला 'उपरि' ही एकाच मुळाची लेकरं. आपला 'वर' त्या उपरिचाच वंशज.

सर्वनाम, शब्दयोगी आणि उभयान्वयी या तिन्ही जाती एकत्र आल्या की काय होतं, ते 'बिकॉज' या शब्दात छान दिसतं. हा शब्द मुळात 'बाय' हे अव्यय आणि 'कॉज' हे नाम यांच्या जोडणीतून झाला. तो वाक्याला जोडतो तेव्हा पुढे 'ही' येतो: 'बिकॉज ही केम'. 'ऑफ' लागला की तेच सर्वनाम बदलतं: 'बिकॉज ऑफ हिम'. मराठीत हुबेहूब हाच भेद आहे. 'कारण तो आला', पण 'त्याच्यामुळे'. उभयान्वयीपुढे 'तो' तसाच राहतो, शब्दयोगी लागताच 'त्याच्या' होतो. ज्याला हे घरच्या भाषेत न चुकता जमतं, त्याला 'बिकॉज ऑफ ही' का चुकतं हे दोन मिनिटांत पटवता येतं. 'आय टोल्ड टू हिम' ही चूकही अशीच उलगडते: 'त्याला सांगितलं' मधल्या 'ला'साठी मूल प्रामाणिकपणे 'टू' शोधत असतं; 'टोल्ड'ला तिथे त्याची गरज नसते, एवढंच सांगायचं राहिलेलं असतं.

पण नंदुरबारमध्ये घरची भाषा कोणती, हा प्रश्न आधी येतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पावरी, मावची, देहवाली, गुजरी, अहिराणी अशा कितीतरी भाषा इथे घराघरांत आहेत. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही. 1907 साली निघालेल्या, भिल्ल भाषांच्या भागात ती घातली गेली. 'घरमा', 'गावमा' मधला 'मा' आणि 'मना', 'तुना' मधला 'ना' गुजरातीजवळ जातात, हे ऐकणाऱ्यालाही कळतं. 'घरात' म्हणताना मराठी घर या शब्दाचं रूप बदलते. 'घरमा' म्हणताना घर जसंच्या तसं राहतं, अगदी 'इन द हाउस' मधल्या 'हाउस'सारखं. म्हणजे या एका बाबतीत अहिराणी मुलाला इंग्रजी जास्त जवळची आहे.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, पण ते मराठीच्या पुलावरून, आणि तो पूल या मुलांसाठी आधीच परका. जिल्ह्यातल्या शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे: फळ्यावर इंग्रजी आणि मराठी असे दोन रकाने आखता, तिथे तिसरा आखा. त्यात 'माले', 'मना', 'घरमा' लिहा. धडगावात असाल तर पावरी, नवापुरात असाल तर मावची रूपं मुलांकडूनच विचारून घ्या. तो रकाना भरायला पुस्तक लागत नाही, वर्गातली मुलं पुरेशी आहेत.